तारेच्या वेढ्यातली पूड

चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी जुन्या हत्यारांचे तीन शौकीन जमत. या खेपेला चष्मेवाल्याने लिलावात मिळालेली आफ्रिकन कुऱ्हाड आणली होती. स्वारी भलतीच खुशीत होती.

"हिनं लाकूड सोडा, काकडीसुद्धा चिरायची नाही," पात्यावर बोट फिरवत वकील म्हणाले.

"चिरायला नव्हतीच ती, मिरवायला होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "पातं किती पातळ आहे बघा. मुखिया खांद्यावर टाकून हिंडत असणार. पात्याचं शेपूट दांड्याच्या फुगीर डोक्यातून आरपार काढलंय. तिकडच्या बऱ्याच कुऱ्हाडी अशाच असतात."

चष्मेवाल्याने दांडा उलटा केला. "आणि हा बारीक अक्षरात लिहिलेला आकडा?"

"म्हणजे संग्रहालयातून आलीय." बाईंनी भिंग मागितलं आणि दांड्यावरच्या तांब्याच्या तारेवर धरलं. वेढ्यावेढ्यात पांढुरकी पूड अडकली होती. त्यांचा आवाजच बदलला. "खाली ठेवा. दोघंही आधी हात धुऊन या."

"घाबरवताय कशाला, बाई?"

"पूर्वी कीड लागू नये म्हणून लाकडाचामड्याला सोमल चोपडायचे. आर्सेनिक. ही पूड तीच असेल असं नाही. पण घरी कुणी हात लावलाय का हिला?"

चष्मेवाल्याने कुऱ्हाड पटकन खाली ठेवली. दांड्याच्या टोकाला चामड्याचा गोंडा होता. नातीला दात येत होते. सकाळी तिने तो गोंडा तोंडात घातला, तेव्हा "राणीसरकारांना आवडली बरं का कुऱ्हाड!" म्हणत तो हसत सुटला होता.

घरचा फोन वाजत राहिला. सुनेचा बंद. वकिलांनी गाडी काढली. घराला कुलूप होतं.

"बाळाला उलट्या होतायत," शेजारीण म्हणाली, "सासूसुना दवाखान्यात गेल्यात."

तो दवाखान्यात पोचला तेव्हा नात आईच्या खांद्यावर मलूल पडली होती.

"पोट बिघडलंय म्हणाले डॉक्टर, बाबा. आम्ही निघालोच होतो."

"थांब." त्याने तिची वाट अडवली. "कुऱ्हाडीचा गोंडा... तिनं चघळला होता. त्याला विष असेल कदाचित."

सुनेने बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तशीच उलट पावली आत धावली.

मग लघवी तपासली, रक्त तपासलं. नातीला ठेवून घेतलं. बाकावर बसून तो काचेच्या दारातून दिसणाऱ्या पलंगाकडे बघत राहिला. चादर जरा हलली नाही की त्याचाच श्वास अडकायचा. बायको शेजारी येऊन बसली.

"अहो, घरी आल्यापासून ती कुऱ्हाड रोज मीच पुसत होते," ती हळूच म्हणाली.

त्याने चमकून तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिचीही तपासणी झाली.

नातीच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तिला घरी सोडलं. उलट्या खरंच पोट बिघडल्याच्या होत्या. बायकोच्या लघवीत मात्र सोमल सापडला. थोडाच आहे, निघून जाईल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी प्रयोगशाळेत दिलेली पूडही सोमलाचीच निघाली. कुऱ्हाड सीलबंद करून त्यांनी आपल्याकडेच ठेवली.

चष्मेवाल्याने भिंतीवरची बाकीची हत्यारंही उतरवली. आता नात त्याच्याकडे झेपावली की सून आधी विचारते, "बाबा, हात धुतलेत ना?" तो निमूटपणे पुन्हा धुऊन येतो.

"ठणठणीत आहे हो मी," बायको रोज सांगते. ती चहा ओतत असली की तो मात्र तिचा हात थरथरतोय का, ते बघत बसतो.