मागचं वल्हं

पेंच नदीत डोंगा सोडल्याचा तिसरा दिवस, अन् रुपरावच्या खांद्यांचं पार भरीत झालं होतं. महिनाभर जंगलात मासोळी सुकवून दोघे धीवर भाऊ कन्हानला परत निघाले होते. उद्या संध्याकाळी रुपरावच्या पोरीची, गोपिकाची हळद. काही झालं तरी पोचायलाच पाहिजे होतं. पण माघातली संथ नदी, दोन्ही काठांना साग नि बांबू, माणसाचा पत्ता नाही. धरणाच्या सर्वेवाल्यांनी रोवलेले चार लाल झेंडे तेवढे दिसले. अन् डोंगा तर असा जड, जसा कोणी मागून धरून ठेवला!

मागं बसला होता थोरला शालिकराम. दिशा धरायची त्यानं, अन् अर्धी मेहनतही त्याचीच. पण त्याच्या वल्ह्याचा आवाज कधी यायचा, कधी नाही. त्यांच्या घरात एक नेम कडक होता: धारेत पुढच्यानं मागं पाहायचं नाही, डोंगा उलटतो. म्हणून रुपराव समोर पाहूनच चरफडत होता. मुक्कामाचंही तेच. लाकडं यानं आणायची, भाकरी यानं थापायच्या; महाराज मात्र डोंगा बांधायच्या नावाखाली मागं रेंगाळणार, मग खुरडत येऊन घोंगडीत शिरणार. "थकलो गा," म्हणे. अरे, मग मी काय झोपाळ्यावर बसून आलो?

दुपारी तळहातावरचा फोड फुटला अन् रुपरावचं डोकंच फिरलं. वल्हं आदळून तो गर्रकन मागं वळला.

"दादा, वल्हं मारून राहिला का झोपून राहिला?"

जाळ्यांच्या ढिगापलीकडे शालिकराम जागाच होता. वल्हं मांडीवर आडवं. दोन्ही हातांनी त्यानं डावा गुडघा खाली दाबून धरला होता. टाचेखाली चिंधी, चिंधीखाली डोंग्याला वीतभर भेग, अन् मागच्या दबलेल्या टोकाला घोट्यापर्यंत पाणी.

"हे कधीपासून?"

"पयल्या दिवशी खडकाले लागला तवापासून."

"अन् सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू थांबला असता. राळ शोधा, भेग बुजवा, दोन दिवस गेले असते. पोरीच्या हळदीले बाप पायजे का नाही?"

रुपरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस मनातल्या मनात या माणसाला त्यानं काय काय शिव्या घातल्या होत्या! त्यानं डोंगा सरळ काठाला घातला.

"येडा झाला का बे? चाल समोर!" शालिकराम ओरडला.

रुपरावनं ऐकलं नाही. वाळूवर बसून भावाचा पाय मांडीवर घेतला. टाच पांढरीफटक, भेगाळलेली, बोटं काळीनिळी. त्यानं हळूच दाबून पाहिलं.

"लय दुखते का?"

"काल दुखत होतं गा. आज काहीच समजत नाही."

रुपराव उठला. डोंगा, जाळी, महिनाभराची मासोळी, सगळं होतं तिथंच सोडलं अन् भावाला पाठीवर घेतलं. सडक चार कोस, दवाखाना त्याच्याही पुढं, अन् दोन्ही कन्हानच्या उलट्या दिशेला. शालिकराम पाठीवरून हळदीचंच घोकत होता.

"बापाशिवाय बी लागते हळद," रुपराव म्हणाला. "तू गळा घट्ट धर."