हिरव्या खुणेचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना व्ह्यू-बॉक्स आहे. पत्र्याचा डबा, पुढे दुधी काच, आत दोन ट्यूबलाइट. परळच्या एका लहानशा एक्स-रे केंद्राच्या भिंतीवर मी अठ्ठावीस वर्षं काढली. बुधाजीकाका डार्करूममधून ओली फिल्म आणून माझ्या काचेवर अडकवायचे आणि डॉ. शैला मॅडम नाक टेकेल इतक्या जवळ येऊन एकेक बरगडी न्याहाळायच्या. माझ्या उजेडावाचून त्यांचं पान हलत नसे.

मग फोटो थेट संगणकावर दिसू लागले. डार्करूमला कुलूप लागलं. पुढे त्या संगणकात एक सॉफ्टवेअर आलं. ते डॉक्टरांच्या आधी फोटो बघतं. संशय आला तर लाल खूण करतं, नाहीतर हिरवी. आसपासच्या केंद्रांनी ते घेतलं, तेव्हा आमच्या मालकांनाही घेणं भाग पडलं. दिवसाला तीस रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडमकडून दीडशेची अपेक्षा होऊ लागली. मला उतरवून कपाटाशेजारी ठेवलं. भंगारवाल्याची हाक आली की वाटे, आता आपली पाळी. डार्करूम गेल्यापासून काकांनाही नोकरीची तीच धास्ती होती.

खोटं कशाला बोलू, सॉफ्टवेअर हुशार होतं. थकलेल्या डोळ्यांना न दिसलेलं बारीक फ्रॅक्चर त्याने दोनदा दाखवलं. म्हणून तर सगळ्यांचा विश्वास बसला.

गेल्या मार्चमध्ये सुभद्रामावशी खोकत आल्या. लालबागला डंकावर मसाला कुटायचं त्यांचं काम. फोटोला हिरवी खूण मिळाली, रिपोर्टवर 'नॉर्मल' आलं. मावशी मात्र जाईनात. तीन वर्षांपूर्वीची फिल्म घेऊन त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"मिरचीचा ठसका मी ओळखते, मॅडम. हा तसला नाय. हा जुना फोटो पण बघा."

बाहेर रांग खोळंबली होती. मॅडमनी फिल्म खिडकीकडे धरली, पण उजेड पुरेना. काकांनी न सांगता मला उचलून आणलं, वायर लावली. एक ट्यूब पेटलीच नाही. दुसरी फडफडत राहिली. नेमका आत्ताच विझलो तर? शेवटी ती लागली.

मॅडम एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होत्या. जुन्या फिल्ममध्ये गळ्याजवळच्या हाडामागे फुप्फुस स्वच्छ काळं होतं. नव्या फोटोत तिथेच चण्याएवढा पांढुरका डाग होता. त्यांनी मावशींच्या हातातला रिपोर्ट परत घेतला, स्वतः फोन करून त्याच दिवशी पुढची तपासणी ठरवली. मावशी गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "काका, मी फोटो बघितलाच नव्हता. नुसती खूण बघितली."

गाठ लहान होती. शस्त्रक्रिया झाली, मावशी बऱ्या आहेत. मॅडम मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहेत. केंद्र सुरू होण्याआधी तासभर येऊन त्या हिरव्या खुणेचे जुने फोटो पुन्हा उघडतात. सहाशे झाले, चारशे उरले. बहुतेक खरोखरच निर्दोष निघाले. एका फोटोवर मात्र त्यांचं बोट थांबलं. काळाचौकीच्या त्या माणसाचा नंबर काका रोज लावतात. अजून कुणी फोन उचललेला नाही.

मित्रांनो, माझं काय व्हायचं ते होवो. तुमच्या घरात एखादी जुनी फिल्म असेल तर ती जपून ठेवा. आणि रिपोर्ट हातात पडला की एवढं जरूर विचारा, फोटो कुणी पाहिला? विचारायला लाजू नका. मॅडमना आता त्याचा राग येत नाही.