दोन अंड्यांची ताकद

बसवराजने मैंदर्गीहून सोलापुरात येऊन आमच्या कचेरीसमोर दुकान थाटले. दाट दूध, गाळलेली कॉफी, साखर आणि बर्फाचा चुरा फिरकीच्या तांब्यात घालून तो दणादण हलवी आणि फेसासकट पेल्यात ओती. वैशाखात मी रोज दोन पेले रिचवत असे. बाकीचे लोक मात्र कॉफीने रक्त आटते म्हणून लांब राहत. बापाने त्याला आषाढापर्यंत मुदत दिली होती. तोवर दुकान चालले नाही, तर परत जाऊन नांगर धरायचा.

कंपाउंडर गोपाळरावांना त्याची दया आली. कुठलेसे इंग्रजी पुस्तक चाळून ते म्हणाले, "रक्त कसलं आटतंय? उलट एका पेल्यात दोन अंड्यांची ताकद आहे." बसवराजने तेवढे वाक्य रंगवून घेतले आणि पाटी दारावर टांगली.

अंड्यांची ताकद अंड्यांशिवाय कुठून येणार, असे पेठेचे मत पडले. दुसऱ्या दिवसापासून ब्राह्मण आणि लिंगायत लोक तर पलीकडच्या कडेने जाऊ लागले. बसवराज स्वतः लिंगायत; त्याने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तालमीतला येडू पैलवान आला. पेल्यात डोकावून म्हणाला, "अंडी कुटं हायत?"

"अंडी न्हाईत. ताकद हाय."

"मग आमी घरीच खातो की," म्हणून तोही गेला.

बसवराजने पाटी उतरवली. लोकांची तोंडे कशी बंद करणार? शेवटी तो माझ्याकडे आला.

"मुकुंदराव, ह्यात काय घालतो ते तुमी रोज बघताय. उद्या कचेरी सुटताना सगळ्यांम्होरं एक पेला घ्या की. तुमी घेतला म्हंजी लोक समजत्याल."

मागणी रास्त होती. पण आमच्या प्रभाचे बार्शीला जमत आले होते आणि व्याही भलतेच सोवळे. मला लाज वाटली, पण सोयरीक मोडण्याइतकी नाही.

"घसा धरलाय रे," मी म्हणालो. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"व्हय की," म्हणून तो गेला.

आषाढ लागला तसे त्याने सामान बैलगाडीत भरले. प्रभाचे लग्न तोवर उरकले होते. निघताना त्याने उरलेल्या बर्फाचा एक पेला करून माझ्यापुढे धरला. मी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. कोणी नव्हते. मग घटाघटा प्यालो.

"घसा बरा हाय न्हवं आता?" त्याने विचारले.

तो खरोखरच काळजीने विचारत होता.