जॅकेट दिसलं की पाणी

माझ्या नोकरीचं नाव मोठं आहे, पर्यावरण संरक्षण तपासनीस. काम त्या मानाने साधं. सरकारी पैशातून रस्ते खोदले जातात, त्यांच्याखाली पावसाच्या पाण्याची गटारं बसवली जातात, आणि हे चाललेलं असताना धूळ उडू नये, झाडं मरू नयेत, सिमेंटचं पाणी नाल्यात जाऊ नये, हे मी बघायचं. बघायचं म्हणजे महिन्यातून दोनदा, कारण माझ्याकडे असे पाच रस्ते होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त मला उंटाऐवजी स्कूटर दिली होती.

आणि एक जॅकेट. भडक नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं, पाठीवर काळ्या अक्षरांत 'तपासणी' लिहिलेलं. सोबत पांढरं हेल्मेट, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि तोंडाला मास्क, असा नियमच होता. एवढा सरंजाम चढवला की माझी सख्खी आई मला साहेब म्हणाली असती. जॅकेटचं माप कोणाचं घेतलं होतं देव जाणे. माझ्यासारख्या दोघी त्यात आरामात राहिल्या असत्या, वर एखादी पाहुणीही.

तीन नंबरच्या रस्त्यावर मी पोचले की काय व्हायचं ते सांगते. कोपऱ्यावरचा पहारेकरी मला बघून चहाचा कप खाली ठेवायचा आणि आत ओरडायचा. लगेच पाण्याचा टँकर खोकून सुरू व्हायचा, मातीच्या ढिगांवर ताडपत्र्या सरसर चढायच्या, आणि साइट इंजिनिअर जणू आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा हसत पुढे यायचा. मी वहीत 'समाधानकारक' लिहायचे. माझ्या डोळ्यांत धूळ फेकली जाते आहे हे मला कळत नव्हतं, असं नाही. उलट त्या रस्त्यावर मला नियमित दिसणारी धूळ तेवढी एकच होती.

त्याच रस्त्यावर तळमजल्याला शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहत. एकदा पाहणी उरकल्यावर मी जॅकेट काखोटीला मारून त्यांच्या दारात उभी राहिले. खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबलेली, शिलाई मशीनवर चादर, चादरीवर बोटभर माती. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. चाळीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवलेले मास्तर. त्यांची शिट्टी अजून खुंटीवर लटकत होती.

"उंची कमी करू की घेर?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही."

टेप माझ्या खांद्यावर टाकत त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात की पाणी मारतात. मग रोज का येत नाही?"

"पाच रस्ते आहेत हो काकू. महिन्यातून दोनदाच जमतं."

"म्हणजे आमच्या ह्यांनी महिन्यातून दोनदाच श्वास घ्यायचा?"

"अगं, तिला कशाला..." मास्तर खुर्चीतून म्हणाले, "ती बिचारी..." आणि तिथेच त्यांना दम लागला. पुढचं वाक्य हातानेच पूर्ण केलं.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. "बघितलंत? हा माणूस भांडायला उभा राहिला की मला तासभर तोंड उघडायला मिळत नसे. आता निम्म्या वाक्यात दम लागतो आणि भांडण तसंच लोंबकळत राहतं. डॉक्टर म्हणतात, धूळ थांबवा, नाहीतर माणूस हलवा. मुलगी तिच्या गावी न्यायला तयारच आहे. मला म्हणते, तू इथे शिवणाचं बघ. मी एकटी भांडू कुणाशी?"

मी "बघते" म्हणाले. आमच्या खात्यात 'बघते'चा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही. चार दिवसांनी जॅकेट मिळालं, अगदी अंगाबरोबर. एका बैठकीच्या कामाला चार दिवस का लागले, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पंधरवडा झाल्यावर मी तीन नंबरवर गेले, तर मला रस्ताच ओळखू येईना. माती ओली, ढीग झाकलेले, प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती फळ्यांचं कुंपण, खडीच्या डंपरवरसुद्धा ताडपत्री. मी अजून हेल्मेटही घातलं नव्हतं. इंजिनिअरने मला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, परत? सकाळीच तर येऊन गेलात."

"मी?"

"काही चुकत असेल तर सरळ सांगा मॅडम. काल तीनदा आलात. माझी सासूसुद्धा..." तो थांबला. "नाही, मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं."

मी त्याच्याकडून भेटवही मागून घेतली. अकरा दिवसांत एकोणीस भेटी. 'भेट देणाऱ्याचे नाव' या रकान्यात प्रत्येक वेळी एकच अक्षर: 'मी'. पुढे सूचना. 'पाणी कमी पडलं. परत मारा.' 'ताडपत्री आखूड आहे, जोड द्या.' 'फळ्या झाडाला आवळल्यात, त्याला श्वास घेता आला पाहिजे.' आणि शेवटची: 'गटाराचा खड्डा, लांबी ठीक, घेर बेताचा. कडेने दोन इंच माया ठेवा.'

शिवणीसाठी कडेने जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. खड्ड्याला माया ठेवायला सांगणारी बाई त्या रस्त्यावर एकच होती.

मी तडक काकूंच्या घरात शिरले. मास्तर आत झोपले होते. दारामागे, शिवून झालेल्या कपड्यांच्या खाली, नारिंगी कड दिसत होती. ओढून काढलं तर माझंच जॅकेट, जरा रुंद. माझ्या जॅकेटवरची अक्षरं धुऊन धुऊन उडायला लागली होती. याच्यावरची काळ्या कापडातून कापून बारीक टाक्यांनी पक्की केलेली होती.

"तुमचा नमुना कागदावर उतरवून ठेवला होता," काकू मशीन न थांबवता म्हणाल्या. "माप मात्र माझं घातलं."

"आणि हेल्मेट?"

"ते त्यांनीच दिलं. पहिल्या दिवशी पहारेकरी म्हणाला, मॅडम, आज विसरलात वाटतं. हेल्मेट, चष्मा, मास्क, सगळं आणून दिलं. मी तपासनीस आहे असं चकार शब्दाने बोलले नाही हं. घरासमोरून चालले, आणि म्हटलं, पाणी मारा."

मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर नोकरी जाण्याचा राग त्यात निम्माच होता. उरलेला निम्मा याचा की नऊ वर्षं मी जे करते आहे, ते ही बाई अकरा दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं करत होती.

"हे बंद करा. माझी नोकरी जाईल."

"करते," काकू म्हणाल्या. आता त्यांनी मशीन थांबवलं. "पण मुलगी पुढच्या रविवारी येते आहे. तोवर ह्यांचा दम उतरला तर राहतील, नाहीतर जातील. आणि ह्यांना यातलं काही बोलू नका. मी दोरा आणायला जाते असं सांगून बाहेर पडते."

मी पाय आपटत बाहेर आले, स्कूटर सुरू केली आणि पुढे काहीही केलं नाही. आमच्या खात्यात परवानगी अशीच देतात.

पुढच्या शुक्रवारी या कामांसाठी सरकारला कर्ज देणाऱ्या बँकेचे साहेब तीन नंबरवर आले. आठवडाभर ते एकेक रस्ता तपासत होते. त्यांच्या अंगातलं जॅकेट गुडघ्यापर्यंत आलं होतं. तीन नंबरच्या ऑफिसात त्यांनी भेटवही उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"इतकी नियमित तपासणी मी कुठेच पाहिली नाही. नाव लिहायची पद्धत जरा वेगळी आहे, पण उत्तम."

मी माझ्या बुटांकडे बघत होते. साहेबांनी पान उलटलं आणि बोट एका ओळीवर थांबलं.

"मंगळवार, सकाळी अकरा. इथे भेट?"

"हो सर," इंजिनिअर अभिमानाने म्हणाला. "मॅडम चांगला अर्धा तास होत्या. ढिगावर चढल्या होत्या."

"मंगळवारी अकरा वाजता ह्या बाई माझ्यासमोर बसून चहा पीत होत्या. पाच नंबरवर."

तेवढ्यात बाहेर टँकर खोकून सुरू झाला. आम्ही तिघांनी खिडकीतून बघितलं. नारिंगी जॅकेट घातलेली एक आकृती उघड्या खड्ड्याच्या काठावरून, डावा पाय जरा फेकत, एका ढिगाकडे बोट दाखवत चालली होती. इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि स्टुलावर बसून घेतलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण नऊ वर्षं 'समाधानकारक' लिहून माझा खोट्याचा कोटा संपला असावा.

"साहेब, मी महिन्यातून दोनदा येते, पाणी दोनदा पडतं. त्या रोज येतात, पाणी रोज पडतं. हे लोक मला घाबरत नाहीत, जॅकेटला घाबरतात. आणि आठवडाभर हे मला माहीत आहे."

"ते जॅकेट जप्त होईल," साहेब उठले, "आणि तुमच्यावर लेखी कारवाई."

आम्हाला येताना बघून काकूंनी घराकडे पावलं उचलली. आम्ही दारात पोचलो तेव्हा त्या खोलीच्या मधोमध हेल्मेटसकट उभ्या होत्या, कारण पुढची वाट मास्तरांनी अडवली होती. ते खुर्चीतून उठलेले होते.

"दोरा आणायला जाते सांगून तू दिवसातून तीन तीन वेळा बाहेर पडतेस आणि पंधरवड्यात या घरात एक नवं रीळ आलेलं नाही, मी काय आंधळा आहे का, ही खिडकी काय भिंतीला शोभा म्हणून ठेवली आहे, त्या शहाण्यांना तू साहेबीण वाटलीस तरी डावा पाय फेकत चालणारी बाई मी चाळीस वर्षं ओळखतो आहे, आणि वर त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून हातवारे करतेस, पडली असतीस तर बाहेर कोणी काढायचं होतं, मी दमेकरी माणूस तुला काय दोरी टाकणार होतो, एकदा विचारायचं तरी मला, मी काय नको म्हटलं असतं, माझी शिट्टी दिली असती की तुला, खुंटीवर नुसती गंजते आहे ती."

"पण आजोबा..." साहेब म्हणाले.

"तुम्ही मधे बोलू नका."

काकूंनी चष्मा काढला. तो आतून ओला झाला होता. त्या साहेबांकडे वळल्या.

"ऐकलंत ना तुम्ही? एकदाही थांबले नाहीत. रविवारी मुलगी येईल, तेव्हा साक्षीला याल?"

साहेबांनी इंजिनिअरच्या काखेतली वही घेतली आणि सूचनांच्या रकान्यात लिहिलं, 'पाणी दिवसातून तीनदा, तपासनीस दिसो वा न दिसो. प्रत्येक वेळी या घरातून सही घ्यावी. नाव पूर्ण लिहावे.' इंजिनिअरने ते वाचून डोळे मिटले. मला साहेब म्हणाले की माझ्यावरची कारवाई होणारच, आणि पुढे ती झालीही.

मग त्यांनी काकूंच्या अंगातलं जॅकेट मागून घेतलं, त्याची शिवण उलटसुलट करून पाहिली, आणि खाली स्वतःच्या गुडघ्यांकडे नजर टाकली.

"हे असं करून द्यायला किती दिवस लागतात?"

"चार," काकू म्हणाल्या.

मी मान खाली घालून खोकले. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीत न बसताच पुढे बोलू लागले.