चौथी टीम

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं फ्रान्सिस लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आलाय. नवरा असला तरी खरं बोलतो तो. मला राग आला की आधी चेहऱ्यावर दिसतो आणि मग लगेच ऐकू येतो. कमिटीत मला घेतलं तेसुद्धा याचसाठी. जियाद सर, म्हणजे आमचे अध्यक्ष, तेव्हा म्हणाले होते, "रोझमेरी सिस्टरच्या पोटात काही राहत नाही, आपल्याला असंच माणूस पाहिजे."

आता कमिटी म्हणजे काही फार मोठं प्रस्थ नाही हो. दोह्यात आम्हा परदेशी लोकांची एक फुटबॉल लीग आहे, दर शुक्रवारी. टीम इतक्या झाल्यात की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर उन्हाळा उजाडेल, आणि इथल्या उन्हाळ्यात दुपारचं कुत्रंही बाहेर पडत नाही. म्हणून प्रत्येक टीम थोड्याच मॅच खेळते. शेवटच्या बाद फेरीत कुठल्या चार टीम जाणार, ते आम्ही पाच जण बसून ठरवतो. नुसते पॉइंट बघायचे नाहीत. कोणाला हरवलं, कसं हरवलं आणि टीम आज कशी आहे, तिचे मुख्य खेळाडू उभे आहेत की आडवे, हे सगळं बघायचं. आणि एक नियम कडक: आपल्या टीमचं नाव निघालं की आपण उठून बाहेर जायचं. चर्चा संपली की आत बोलावतात. बाहेर असताना काय झालं ते विचारायचं नाही.

माझी टीम वसईची. फ्रान्सिस तिचा मॅनेजर, आणि कॅप्टन आमचा मार्विन. माझा एकुलता एक. यंदा आमची पोरं एकही मॅच हरली नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! चर्चमध्ये लोक माझा हात धरून अभिनंदन करायला लागले होते. आणि मग एका शुक्रवारी मार्विनच्या पायावर समोरचा पोरगा पडला आणि नडगीचं हाड मोडलं. मी बाहेर खुर्चीत बसले होते. नर्स आहे मी, आयुष्यभर लोकांच्या हातापायांना पट्ट्या बांधल्यात, पण त्या दिवशी मला खुर्चीतून उठता येईना. पुढची, म्हणजे लीगमधली शेवटची मॅच पोरं त्याच्याशिवाय खेळली आणि सगळ्यांत कच्च्या टीमशी शून्य-शून्य बरोबरीत सुटली.

त्याच आठवड्यात मजीद माझ्या वॉर्डात आला.

मजीद म्हणजे इथल्या नजमा वस्तीच्या टीमचा फॉरवर्ड. ती टीम सगळी नजमातल्या बॅचलर खोल्यांमधल्या पोरांची. कोणी डिलिव्हरीवर, कोणी दुकानात. मजीद केरळचा. पोरगा कसला, वारा होता. टीमचे जवळजवळ सगळे गोल त्याचेच. आणि माझा वॉर्ड कॅन्सरचा. फाइलवर नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरा कोणी मजीद असेल. पडदा सरकवला तर तोच. रक्ताचा कॅन्सर. खेळणं बंद, आणि गावी जाऊन लगेच उपचार सुरू करायचे, असं डॉक्टरांनी त्याला सांगून झालं होतं.

त्यानं मला ओळखलं. मैदानावर मी आरडाओरडा करते ना, मला सगळे ओळखतात. सुई लावताना हळूच म्हणाला, "सिस्टर, टीम को मत बोलना. सिलेक्शन होने दो. फिर मैं खुद बोलूँगा."

मला असा संताप आला! अरे बाबा, तू कोणाला काय मागतोयस? माझा पोरगा घरी प्लॅस्टरमध्ये पडलाय, त्याच्या टीमचं काय होणार कोणालाच माहीत नाही, आणि तू मला गप्प बसायला सांगतोस? पण त्याचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "इथलं इथेच राहतं, बेटा." त्यानं मागितलं नसतं तरी तेच केलं असतं मी. बाहेर मी कितीही बडबडी असू दे, पेशंटचं एक अक्षर आजवर फ्रान्सिसलाही सांगितलेलं नाही.

मीटिंग एका शाळेच्या स्टाफरूममध्ये होती. पहिल्या तीन टीम चहा यायच्या आत ठरल्या. चौथ्या जागेला दोन उरल्या, वसई आणि नजमा. वसईचं नाव निघालं तशी मी उठले आणि पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. भिंतीवर मुलांनी काढलेली उंटांची चित्रं होती. दाराआडून नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तरी काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं. हरले नाहीत हे खरं, पण कॅप्टन मोडलाय, आणि त्याच्याशिवाय ही टीम काय आहे ते दिसलंच.

मला आत बोलावलं. आता नजमा. लॅपटॉपवर आकडेवारी सांभाळणारा आमचा स्वानंद, आयटीतला नाशिकचा पोरगा, भराभरा वाचत गेला. एक मॅच हरलेत, पण मोठ्या टीमला हरवलंय, मजीद फॉर्मात आहे. मग जियाद सरांनी नेहमीप्रमाणे टेबलाभोवती एकेकाकडे बघून विचारलं, "नजमाच्या कोणत्या खेळाडूची दुखापत, आजार, काही ऐकलंय कोणी?"

उठून बाहेर जावं असं वाटलं मला. पण नियम आपल्या टीमपुरता. नजमाच्या नावाला रोझमेरी का उठली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझी पाळी आली. एवढंच बोलायचं होतं, की मजीदचं काही खरं नाही. वसई आत गेली असती. माझा पोरगा कुबड्यांवर का होईना, आपल्या टीमपुढे मैदानात चालला असता.

"नाही," मी म्हटलं, "काही नाही."

कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. रोझमेरीच्या पोटात काही राहत नाही ना! नजमा आत गेली.

अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी फ्रान्सिसनं घर डोक्यावर घेतलं. "तू तिथे बसली होतीस! एरवी भाजीवाल्याला सोडत नाहीस, आणि तिथे तोंड शिवलं होतं का?" त्याच्याशी मी भांडले, जोरात भांडले, ते सोपं होतं. मग मार्विनच्या पायाखाली उशी सारायला गेले तर त्यानं पाय बाजूला घेतला.

"राहू दे मम्मी. हा पाय मोडला नसता तर पोरं आत असती. इट्स ऑन मी."

"तुझ्यामुळे नाही रे झालं ते."

"मग कोणामुळे?"

काय सांगणार होते मी? उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते माझं नव्हतं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यानं मला पायाला हात लावू दिला नाही. उशी फ्रान्सिस ठेवायचा. मी किचनमध्ये उभी राहून रडायचे आणि बाहेर येऊन कोणावर तरी ओरडायचे.

सेमीफायनल उम्म सलाल मोहम्मद या गावच्या मैदानावर होती. मार्विन हट्टानं आला. "माझ्या टीमची जागा कोणाला मिळाली ते बघू दे," म्हणाला. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. नजमाची पोरं मैदानात उतरली. मजीद नव्हता. तेवढ्यात स्वानंद आमच्याकडे आला, चेहरा उतरलेला.

"काकू, मजीद काल गावी गेला. ब्लड कॅन्सर आहे त्याला. जाताना स्वतः सगळ्या टीमला सांगून गेला. इथल्याच हॉस्पिटलमध्ये कळलं होतं म्हणे, सिलेक्शनच्या आधी." तो थांबला. "आपल्याला तेव्हा माहीत असतं तर वसईच असती हो चौथी."

फ्रान्सिसनं कपाळाला हात लावला. "आधी सांगायला काय झालं होतं त्याला?" म्हणाला. मार्विननं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मम्मी, तुझ्या वॉर्डात होता?"

"पाय खाली सोडू नको, सूज येईल."

"तुला माहीत होतं." हे त्यानं विचारलं नाही, सांगितलं.

आता सगळ्या मैदानाला कळलं होतं, तरी माझ्या तोंडून हो निघेना. वॉर्डातलं ते वॉर्डातलं. मी समोर बघत राहिले. नजमावर पहिला गोल झाला, पाठोपाठ दुसरा. ती पोरं धावत होती, पण डोळे लाल होते त्यांचे.

मार्विननं कुबड्या ओढल्या आणि उठला. मला वाटलं, संपलं, चालला हा. आता माझं तोंडही बघायचा नाही. पण तो पार्किंगकडे गेला नाही. टेकत टेकत पलीकडे नजमाची माणसं उभी होती तिथे गेला, रेषेजवळ थांबला आणि जीव खाऊन ओरडला, "यल्ला, नजमा! यल्ला!" सगळे वळून बघायला लागले. वसईचा कॅप्टन!

"याला वेडबीड लागलं की काय?" फ्रान्सिस म्हणाला.

नजमा हरली. चांगली सणसणीत हरली. मार्विन शेवटच्या शिट्टीपर्यंत तिथेच ओरडत होता. परत आला तेव्हा त्याचा घसा बसला होता. खुर्चीत टेकला, कुबड्या खाली टाकल्या, आणि प्लॅस्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

"दुखतोय गं," म्हणाला.

मी तो पाय धरला आणि भर मैदानात हमसून हमसून रडले.