फिका गुलाबी

“मॅडम, तिन्ही रकान्यांत दहाच लिहायचं ना?” सत्यमने विचारलं. त्याची ब्युरेट अजून रिकामीच होती.

लातूरच्या क्लासची मुलं सकाळीच क्रूझरमधून उतरली होती. त्यांचा प्रवेश आमच्या मुखेडच्या कॉलेजात, अभ्यास लातुरात. बारावीच्या प्रॅक्टिकलला तेवढी ती तोंड दाखवतात. टायट्रेशनचं उत्तर प्राचार्य आधीच फळ्यावर लिहून देतात. फळा नंतर पुसला होता, तरी दहाचा आकडा पुसट दिसत होता.

खिडकीजवळ सुकन्या मात्र वाकून ब्युरेटला डोळा लावून उभी होती. वर्षभर आमच्या प्रयोगशाळेत आलेली ती एकटी. एसटी चुकली तर टमटमने यायची. लेखी पेपरात ती काठावरच राहणार होती, प्रॅक्टिकलच्या मार्कांवर सगळी भिस्त. मार्क पडले तर नांदेडला बी.एस्सी., नाहीतर मे महिन्यात अक्षता, असं तिच्या आजोबांनी, ईश्वरप्पांनी, सांगून ठेवलं होतं.

“मॅडम, तेरा येऊन राहिलंय,” ती हळूच म्हणाली. “पुन्हा पुन्हा केलं. तेराच.”

मी तिच्या फ्लास्कखाली पांढरा कागद धरला. फिका गुलाबी. आम्ल संपलं आणि सोड्याचा एक थेंब जास्तीचा पडला, एवढंच सांगणारा रंग. कॉलेजात असताना मला तो असा क्वचित जमला होता. आणि आकडाही खराच होता. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीचं झाकण फुटलेलं, सोड्याने ओल धरलेली, द्रावण कमजोर झालेलं, म्हणून दहाऐवजी तेरा मिली लागत होतं. नवी बाटली मागवा म्हणून मी दिवाळीपासून सांगत होते.

“तेराच लिही,” मी म्हटलं. “सरांना मी दाखवते.”

सत्यम हसला. “ए, दहा लिही की! कशाला लई शास्त्रज्ञ होऊन राहिली?”

“तू तुझा नळ तरी फिरव एकदा,” सुकन्या म्हणाली. “जाम होईल.”

बाहेरून आलेले परीक्षक प्राचार्यांच्या केबिनमध्ये जेवत होते. मी व्हरांड्यात पोचते तोच फोन वाजला. सासूबाई.

“मालविकानं पुन्हा ओकलं गं. अंग लई तापलंय. कवा येतीस?”

माझी लेक अजून धड बोलतही नाही, कुठं दुखतं ते सांगत नाही. औषध कोणत्या कपाटात, चमचा कोणता, पट्टी किती ओली, सगळं सांगत उभी राहिले. चमच्याचं परत सांगितलं. मग परीक्षकांना घेऊन आले.

फ्लास्कमध्ये नितळ पाणी होतं.

“रंग कुठंय, मॅडम?” परीक्षकांनी सुपारी चघळत विचारलं.

“होता, सर. हवा लागली की उडतो. तुम्हाला तर—”

“आम्हाला माहीत हाय की!” ते हसले. प्राचार्यही हसले. “पण दिसंल त्यालाच मार्क. बाळ, दहा लिही अन् मोकळी हो. पैकीच्या पैकी देतो. तेरावर अडून बसलीस तर आम्ही काय करावं?”

“तुमचीच लाडकी हाय, मॅडम. समजवा तिला,” प्राचार्य म्हणाले. “जूनला तुमच्या तासिकांची नवी ऑर्डर पण मलाच काढायची हाय.”

“परत करू का, मॅडम?” सुकन्याने पिपेट उचललीच होती. “आत्ता येतोय रंग. सरांच्या समोर करते.”

डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं, हे मीच तिला पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. माझ्या हातातला फोन पुन्हा थरथरला.

“लिही, सुकन्या,” मी म्हटलं. “दहा लिही.”

 तिने पिपेट स्टँडला नीट लावली. तेरावर सरळ रेघ मारली. बाजूला दहा, खाली दहा, त्याखाली दहा. अक्षर नेहमीसारखंच रेखीव. उत्तरपत्रिका तिने माझा पुढे आलेला हात ओलांडून परीक्षकांना दिली. एरवी जाताना वाकून पाया पडायची. आज दारातूनच म्हणाली, “येते, मॅडम.”

क्रूझर गेली. मला घर गाठायचं होतं, म्हणून घाईघाईने काचसामान धुवायला घेतलं. लातूरच्या मुलांचे फ्लास्क मांडले होते तसेच कोरडे, तळाशी धूळ धरलेले.

धुण्यासारखा एकच होता.