तीन शाळांचा एकच सूक्ष्मदर्शक

माझ्या अंगावर तीन शाळांचे नंबर आहेत, पांढऱ्या रंगात लिहिलेले. एक पायावर, एक मानेवर आणि एक पाठीमागे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, एका सूक्ष्मदर्शकाला तीन-तीन नंबर कशाला? तीच तर माझी गोष्ट आहे. मी पितळेचा आहे आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण माझं भिंग आजही असं लखलखीत आहे की नव्या यंत्रांनी शेजारी बसताना जरा विचार करावा.

ते भिंग घासणारा कारागीर भारी चिवट माणूस होता. काचेचा इवलासा तुकडा ओल्या भुकटीवर तासन्‌तास गोल फिरवत बसायचा. जेवायला हाक मारून मारून त्याची बायको थकायची.

"अहो, ती काच काय पळून जाणारे का?"

"काच नाही गं, गोलाई पळते," तो मान वर न करता म्हणायचा.

बारा दिवस त्याने माझ्यावर घालवले. तेराव्या दिवशी माझ्याखाली माशीचा पाय ठेवला, त्यावरचे केस नीट मोजले आणि मगच हात धुतले.

तिथून मी एका शाळेत आलो. विज्ञानाचे जुने सर मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचे. मुलांची रांग दारापर्यंत जायची. काय दिसेल हे सर आधी कधीच सांगत नसत. कोणी डबक्यातलं पाणी आणायचं, कोणी डोक्यावरचा केस. "सर, हे हलतंय! जिवंत आहे!" असं कोणी किंचाळलं की माझी मान आणखी ताठ व्हायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग सर निवृत्त झाले. शाळेच्या चालकांनी आणखी दोन शाळा काढल्या. तिन्ही शाळांच्या कागदांवर लिहिलं गेलं, 'प्रयोगशाळा सुसज्ज आहे.' सुसज्ज म्हणजे काय, तर मी. एकटा मी!

वर्षभर मी कुलूपबंद कपाटात असायचो. तपासणी आली की शिपाईमामा मला टॉवेलात गुंडाळायचे, स्कूटरच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "चला महाराज, आज तुम्ही धाकट्या शाळेचे." जिथे जायचं तिथला नंबर उघडा ठेवायचा आणि बाकीच्या दोन नंबरांवर चिकटपट्टी लावायची. तपासनीस यायचे, दारातूनच मला बघायचे, मान डोलवायचे आणि चहाला जायचे. मुलं फळ्यावरची आकृती वहीत उतरवायची. पेशी त्यांनी पाहिलेली नसायची, पण वही मात्र सुंदर असायची.

एका वर्षी माझ्या मूळ शाळेत दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या प्रश्नांची भुणभुण थांबत नसे, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत. कपाटाच्या काचेला नाक लावून ती मला न्याहाळायची. तिला पुढे विज्ञान शिकायचं होतं. त्यासाठी प्रात्यक्षिकाचे गुण लागत, आणि ते गुण होते हेडसरांच्या हातात. मित्रांनो, मुलांना शिकवायला दिलेले गुण तिथे मुलांना गप्प बसवायला वापरले जात.

तपासणीच्या आधी आठवडाभर वर्ग बंद होते. मुलांनी भिंती घासल्या आणि पाठांतर केलं. हेडसर छडी टेबलावर वाजवत म्हणायचे, "डोळा लावायचा आणि काय म्हणायचं?"

"कांद्याच्या पेशी दिसतात, भिंतीतल्या विटांसारख्या!"

"पण सर, आम्ही बघितलंच नाहीये," भुंगी म्हणाली.

"बघून काय वेगळं दिसणार आहे? पुस्तकात आहे तेच. तीस गुण हवेत ना? मग भुणभुण बंद."

तपासणीच्या दिवशी सकाळी मधल्या शाळेची पाळी होती आणि दुपारी आमची. मामांनी स्कूटर अशी पिटाळली की एका खड्ड्यात आम्ही दोघेही उडालो. माझ्या पायाजवळचा गोल आरसा निसटला आणि रस्त्यावर गेला. हाच आरसा खिडकीतला उजेड माझ्या पोटात पाठवतो. तो नसेल तर मी आंधळा. कोणाच्या लक्षातही आलं नाही. येणार कसं? वर्षानुवर्षं माझ्यातून कोणी पाहिलंच नव्हतं.

आणि नेमक्या त्याच दिवशी आलेल्या तपासनीस बाईंनी चहाचा कप बाजूला सारला.

"मुलांना बघू दे," त्या म्हणाल्या. "मीही इथे बसते."

माझ्या पायाजवळची रिकामी जागा त्यांना दिसली. नजर क्षणभर तिथे थांबली आणि मग त्यांनी पहिल्या मुलाला खूण केली. पहिल्या मुलाने डोळा लावला. "कांद्याच्या पेशी दिसतात, भिंतीतल्या विटांसारख्या." दुसरा आला. विटा. तिसरी आली. विटा. एकाने तर घाईत बंद डोळाच लावला, तरी विटा दिसल्याच! मी लाजेने काळवंडून गेलो होतो. माझ्या आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात ही लेकरं भिंतीवर भिंत बांधत होती.

भुंगीची पाळी आली. तिने डोळा लावला. किती वेळ ती हललीच नाही.

"सांग बाळ," हेडसर गोड आवाजात म्हणाले.

"काही दिसत नाही. अंधार आहे."

"घाबरलीये हो ती. नीट बघ गं. प्रात्यक्षिकासारखं." शेवटच्या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला.

भुंगीने माझी मान घट्ट धरली. तिने पुन्हा पाहिलं. "नीटच बघितलं, सर. अंधारच आहे."

"आतापर्यंतचं पहिलं बरोबर उत्तर," बाई म्हणाल्या. "याला आरसाच नाहीये."

हेडसर मामांवर कडाडले, "आरसा कुठाय?"

मामांनी टोपी काढली. "खड्ड्यात पडला असंल साहेब. सकाळी मधल्या शाळेतून आणताना. आता तुम्हीच सांगा, तीन घरं या एकट्याने सांभाळायची म्हणजे एखाद्या दिवशी असं व्हायचंच." आणि त्यांनी माझ्या मानेवरची आणि पाठीवरची चिकटपट्टी सर्रकन ओढून काढली.

बाईंनी तीनही नंबर लिहून घेतले. मग पर्समधला छोटा आरसा काढून तो माझ्या पायाशी तिरका धरला. खिडकीतला उजेड माझ्या अंगातून वर चढला. किती वर्षांनी, मित्रांनो!

"आता बघ," त्या भुंगीला म्हणाल्या.

"बाई, विटा नाहीत. गोल गोल आहेत. काळ्या कडांचे. बुडबुडे आहेत का?"

"बुडबुडेच आहेत. काचपट्टीवरचा कांदा कधीचाच वाळलाय. पुस्तकात नव्हते ना हे?"

"नाही," भुंगी म्हणाली, आणि डोळा न काढताच हसली.

बाईंचा अहवाल कडक होता. त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. दुसऱ्या दोन शाळांना आपापले सूक्ष्मदर्शक आणावे लागले. मामांना हेडसरांची बोलणी खावी लागली, पण ती त्यांनी पोट भरून खाल्ली. भुंगीला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले. आकृती वेडीवाकडी काढली म्हणून दोन कापले. ते योग्यच होतं, मीही कापले असते.

आता मी खिडकीजवळ असतो. नवा आरसा जरा स्वस्तातला आहे, चालायचंच. माझ्यावर रोज तीस बोटांचे ठसे उमटतात, पापण्या भिंगाला घासतात, कोणीतरी चाक फार फिरवून काचपट्टी फोडतं. मला याची तक्रार नाही, मी तर मिरवतो! मित्रांनो, भिंग मऊ कापडाने पुसा, उचलताना दोन्ही हातांनी उचला, पण जपायचं म्हणून मला कुलपात मात्र घालू नका. तुमच्या शाळेत असं एखादं कपाट असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. एकदा विचारून मिळाली नाही, तर पुन्हा विचारा. आणि डोळा लावण्याआधीच काय दिसतं हे कोणी सांगू लागलं, तर आवाज थरथरला तरी चालेल, पण म्हणा, "थांबा. मला बघू द्या."